मिस फ्लॉरेन्स नायटिंगेल : रुग्णशय्येपासून कारभारापर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांच्या मुली परिचारिकेचा अभ्यास करून मुंबईच्या इस्पितळांत सेवेस लागल्या आहेत. त्यांपैकी एखादी काही वर्षांच्या सेवेनंतर पुन्हा विद्यार्थिनी होते व इस्पितळाच्या कारभाराचे शिक्षण घेऊ लागते, तेव्हा घरची वडील माणसे कुरकुर करतात. रुग्णाची खाट सोडून मेजाकडे जाणे म्हणजे सेवाच सोडणे, असा त्यांचा समज असतो. हा समज कितपत खरा, हे पाहण्यास ज्या बाईंचे नाव या धंद्याशी कायमचे जोडले गेले आहे त्यांचेच चरित्र चाळावे, असे आम्हांस वाटते. हाती दिवा घेतलेली त्यांची तसबीर सर्वांनी पाहिली आहे. परंतु ते दिव्याचे दिवस पुरती दोन वर्षेही नव्हते, आणि पुढील कित्येक दशके त्यांनी आकडे, पत्रे व अहवाल यांत घालविली, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते.

मिस नायटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, व त्या शहराचेच नाव त्यांस मिळाले. घर इंग्रज व श्रीमंत. वडिलांनी मुलीस ग्रीक, लॅटिन, इतिहास असे पुरुषांस शोभणारे शिक्षण दिले. पण वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिने इस्पितळात शिकावयास जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा साऱ्या घरात हाहाकार उडाला. त्या काळी इंग्लंडात परिचारिका म्हटली म्हणजे मद्यपी व हलक्या वर्तनाची बाई, अशीच लोकांची समजूत होती. नायटिंगेलबाईंस आणखी सहा वर्षे वाट पाहावी लागली.

येथे आम्हां कॅथलिकांस विशेष जवळची वाटणारी एक गोष्ट आहे. बाई अँग्लिकन पंथाच्या होत्या व शेवटपर्यंत त्याच पंथात राहिल्या. परंतु रुग्णसेवा हे शिस्तीने करावयाचे पवित्र काम होऊ शकते, हे त्यांनी आपल्या धर्मभगिनींत पाहिले. १८४७-४८ च्या हिवाळ्यात रोम येथे त्रिनिता देई मोन्ती मठातील माद्रे सांता कोलोम्बा यांचा सहवास त्यांस घडला. पुढे १८५१ साली, एकतिसाव्या वर्षी, त्या जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथील प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत सुमारे तीन महिने विद्यार्थिनी म्हणून राहिल्या. १८५३ साली पॅरिसला सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांजकडे शिकावयास गेल्या, तो तेथे गोवर निघाला व शिकावयास आलेल्या बाईच रुग्ण होऊन पडल्या!

त्याच वर्षी लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेची व्यवस्था त्यांनी बिनपगारी पत्करली. त्यांची कारभारातील बुद्धी प्रथम दिसली ती येथे. प्रत्येक मजल्यावर नळाने ऊन पाणी यावे, जेवण वर खेचून नेण्यास यंत्र असावे, म्हणजे परिचारिकेचे पाय जिन्यात न झिजता ती रुग्णाजवळ राहील, हा त्यांचा विचार. मुरंबा विकत न घेता घरी केला तर किती पैसे वाचतात, हेही त्यांनी हिशेबाने दाखविले. संस्थेच्या समितीस कॅथलिक रुग्ण नको होते. सर्व धर्मांच्या स्त्रियांस प्रवेश मिळाला पाहिजे व त्यांच्या धर्मगुरूंस भेटीची मोकळीक पाहिजे, नाहीतर आपण राहत नाही, असे बाईंनी बजावले. आणि समितीस नमावे लागले.

ऑक्टोबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी त्या ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानात स्कुटारी येथे निघाल्या. त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. बर्मंड्सी येथील मर्सी मठाच्या मदर क्लेअर मूर या त्यांपैकीच एक. त्यांच्यावर नायटिंगेलबाईंनी पुष्कळ भार टाकला; आणि मुख्य अधिकाराच्या जागेस मदर क्लेअर आपल्याहून अधिक लायक होत्या, असे पुढे त्यांना पत्राने कळविले. सर्वच धर्मभगिनींशी मात्र त्यांचे जमले नाही. मागाहून आयर्लंडहून आलेल्या मदर ब्रिजमन यांच्या तुकडीने त्यांचा अधिकार मानला नाही, व दोन्हीकडे कटुता राहिली. थोर माणसांच्या चरित्रातून अशा गोष्टी गाळू नयेत, असे आमचे मत आहे.

स्कुटारीस फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. परिचारिका रात्रंदिवस राबत होत्या, तरी माणसे मरतच होती. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या आरोग्य-मंडळाने इस्पितळाखाली तुंबलेली गटारे उपसली, हवेस वाट करून दिली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ वर आले. याचा पुरा अर्थ बाईंस युद्ध संपल्यावर कळला. विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी मृतांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जखमांपेक्षा घाणीने व गर्दीने अधिक शिपाई नेले असे दिसून आले. केवळ मायेच्या हाताने जे वाचले नसते, ते गटार साफ केल्याने वाचले. या शोधाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. क्रिमियात जडलेल्या दुखण्याने त्या वारंवार अंथरुणास खिळत. तेथूनच त्यांनी लष्करी इस्पितळांच्या सुधारणेची मोहीम चालविली. मंत्र्यांस कोरडे तक्ते वाचण्याचा कंटाळा, म्हणून आकड्यांची रंगीत चित्रे काढली. १८५८ साली लंडनच्या आकडेशास्त्र मंडळाने त्यांस सभासद करून घेतले. त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. १८६० साली सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली, आणि तेथे शिकलेल्या स्त्रिया अधीक्षिका होऊन दूरदूरच्या इस्पितळांत गेल्या. परिचारिकांची सरकारी नोंदणी मात्र त्यांस पसंत नव्हती. परीक्षेने शील मोजता येत नाही, हा त्यांचा आक्षेप खरा; पण नोंदणीवाचून परिचारिकेस समाजात आधार कसा मिळावा, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी १८५९ पासून सुरू झाली, तेव्हा प्रत्येक छावणीकडे प्रश्नावली पाठवून त्यांनी पाण्याची, मोऱ्यांची व बराकींची माहिती मिळविली. १८६३ च्या अहवालात गोऱ्या शिपायांत दर हजारी ६९ मृत्यू असे प्रमाण निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर विलायतेस परतल्यावर या कामी त्यांचे साह्यकर्ते झाले. पुढे बाईंचे लक्ष शिपायांवरून रयतेकडे वळले, आणि खेड्यांतील स्वच्छतेविषयी मुंबई प्रेसिडेन्सी असोसिएशनशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. विहीर, उकिरडा व गावची गटारे यांचा विचार लंडनमधील ती वृद्ध बाई अंथरुणावरून करीत होती, हे वाचून आम्हांस नवल वाटले.

उतारवयात त्यांची दृष्टी गेली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मान मिळालेली पहिली स्त्री त्या ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची सूचना कुटुंबाने नाकारली, व खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांस मूठमाती देण्यात आली.

त्यांचा एक धागा आपल्या इलाख्यापर्यंत पोचतो, तो सांगावयाचा राहिला. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे दयाराम गिडुमल यांनी लिहिलेले चरित्र १८९२ साली लंडनात निघाले, त्यास प्रस्तावना नायटिंगेलबाईंची होती. याच दोघा गृहस्थांच्या पुढाकाराने १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले, व त्याचे अध्यक्षपद रमाबाई रानडे यांनी स्वीकारले. पुढील वर्षी पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथून प्रौढ स्त्रिया, त्यांत कित्येक विधवा, ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास जाऊ लागल्या.