कै. विजय सॅम्युएल हजारे : एक अल्प चरित्र

चिंचवड, भोसरी, चाकण व त्यांच्या आसपासच्या खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत क्रिकेट न खेळणारा मुलगा आता शोधूनही सापडावयाचा नाही. रविवारची उपासना आटोपली, की मोकळ्या जागेत विटा एकावर एक रचून यष्टी उभी राहते, आणि कारखान्यातील रात्रपाळी करून आलेला तरुणही झोप टाकून तेथे धाव घेतो. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या सांगवी भागात वाढलेले व थेरगावच्या मैदानावर शिकलेले ऋतुराज गायकवाड ह्यांनी २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबाद येथे उत्तर प्रदेशाविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले, हे ह्या मुलांस तोंडपाठ आहे. तो सामना कोणत्या स्पर्धेतील, असे विचारल्यास विजय हजारे करंडकाची, असेही ती सांगतात. परंतु हे हजारे कोण, असे पुढे विचारले म्हणजे ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

गेल्या हिवाळ्यात चाकणजवळच्या एका गावी आम्ही अशाच एका सामन्यास हजर होतो. एक मुलगा आरंभापासून अखेरपर्यंत खेळला, बाद झाला नाही; परंतु दुसऱ्या टोकाचे सर्व गडी गेले व त्याचा संघ हरला. तो एकीकडे जाऊन बसला. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने विचारले, की पाळकसाहेब, हरावयाचेच होते तर मी इतका वेळ उन्हात उभा राहून काय मिळविले? त्या वेळी आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता असे वाटले, की हजारे ह्यांचे चरित्र हेच त्याचे उत्तर होय. म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर होते व घरात आठ मुले. मास्तरांच्या पगारावर एवढा संसार चालविणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. विजय ह्यांचे शिक्षण सांगलीसच प्रेसबिटेरियन मिशनच्या औद्योगिक शाळेत झाले. शरीराने ते धिप्पाड नव्हते. बोलणे मोजके, स्वभाव लाजाळू. बॅट धरून उभे राहण्याची त्यांची ढबही काही डौलदार नव्हती. परंतु दृष्टी स्थिर, मनगट बळकट आणि चित्त एकाग्र, ही तीन साधने त्यांच्यापाशी होती. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हे त्या काळी हिंदुस्थानात शिकविण्यास आले होते. त्यांच्या हाताखाली हजारे ह्यांस शिक्षण लाभले. त्या दिवसांत गरीब घरच्या खेळाडूस पोटासाठी संस्थानिकांचा आश्रय शोधावा लागे. हजारे ह्यांसही तो करावा लागला व अखेर बडोदे संस्थानच्या नोकरीत ते स्थिरावले. खेळ हीच त्यांची चाकरी होती, आणि चाकरी म्हणूनच ती त्यांनी नेकीने केली.

त्यापूर्वी ते महाराष्ट्राच्या संघातून खेळत. १९३९-४० च्या मोसमात पुण्याच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकाच्या स्पर्धेत एका डावात तीनशेचा आकडा ओलांडणारे ते पहिलेच. त्या डावात नवव्या गड्यासाठी नगरवाला ह्यांच्यासह त्यांनी २४५ धावांची भर घातली. नववा गडी म्हणजे बहुधा गोलंदाजी करणारा, फलंदाजीत कच्चा मनुष्य. त्याला सोबत घेऊन एवढी मजल मारणे ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो करंडक प्रथमच जिंकला.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे वळतो की ज्यासाठी हे चरित्र लिहावयास घेतले. त्या काळी मुंबईस पंचरंगी सामने होत. त्यांत संघ धर्मावरून पाडलेले असत : हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन. १९३७ साली त्यांत पाचवा संघ आला. ह्या चारांत न बसणारे जे हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी वगैरे लोक होते त्यांचा तो संघ, आणि त्याचे नाव 'रेस्ट', म्हणजे बाकीचे. नावातच त्याची योग्यता लोकांनी ठरवून टाकली होती. माणसे थोडी व पैसा थोडा; नामांकित खेळाडू म्हणावे तर एक हजारे.

१९४३ च्या अखेरीस ह्या बाकीच्यांनी मुसलमानांच्या संघाशी खेळताना हजारे ह्यांच्या २४८ धावा पाहिल्या व अंतिम सामन्यात प्रवेश केला. तेथे हिंदूंच्या संघाशी गाठ पडली. हिंदूंनी पाच गडी गमावून ५८१ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५०. उत्तरादाखल बाकीच्यांचा डाव १३३ धावांत आटोपला. धावांचे अंतर फार असल्यामुळे त्यांस लागलाच दुसरा डाव खेळणे भाग पडले, आणि त्यातही पाच गडी साठ धावांत गेले. सामना तेथेच संपला असे ब्रेबोर्न मैदानावरील प्रत्येकास वाटले असेल.

त्या वेळी हजारे ह्यांच्या जोडीस त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. पुढे जे घडले त्यासारखे क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली, आणि त्या ३०० मध्ये विवेक ह्यांच्या स्वतःच्या धावा किती? अवघ्या २१. बाकी जवळजवळ सर्व थोरल्या भावाच्या. विवेक ह्यांनी केले ते एवढेच, की चेंडूमागून चेंडू अडविला, आपला बचाव राखला आणि भावास पुढे जाऊ दिले. संघाचा डाव ३८७ धावांवर आटोपला. त्यांतील ३०९ धावा एकट्या विजय हजारे ह्यांच्या होत्या, म्हणजे दर पाच धावांमागे चार. तरीही बाकीचे एक डाव व ६१ धावांनी हरले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. जय तर मिळाला नाहीच. मग तो सर्व उद्योग व्यर्थ होता काय? करंडक हिंदूंनी नेला. परंतु त्या सामन्याची आठवण निघते तेव्हा लोक प्रथम नाव घेतात ते हरलेल्या संघातील एका गड्याचे. आणि ज्यास त्या कामाची खरी जाण आहे तो दुसरेही नाव घेतो. कारण विवेक ह्यांच्या २१ धावा नसत्या, तर विजय ह्यांच्या ३०९ झाल्याच नसत्या. धावफलकावर एकवीस हा आकडा लहान दिसतो. त्यामागे किती चेंडू अडविले गेले हे फलक सांगत नाही.

धर्मावरून संघ पाडण्याची ती रीत पुष्कळांस खटकत असे, महात्मा गांधींसही ती पसंत नव्हती. १९४६ साली ते सामने कायमचे बंद पडले. त्यानंतरच्याच मोसमात, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोद्यासमोर इंदूरचा होळकर संघ होता व त्याचे नायक कर्नल सी. के. नायडू. होळकर संघ २०२ धावांत बाद झाला. पण बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत गेले. मग हजारे व गुल महंमद एकत्र आले, आणि त्यांची जोडी फुटली तेव्हा धावफलकावर ६६८ होते. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा! गुल महंमद ह्यांच्या ३१९, हजारे ह्यांच्या २८८. बडोद्याने ७८४ धावा केल्या व एक डाव आणि ४०९ धावांनी सामना जिंकून करंडक मिळविला. कोणत्याही गड्यासाठी त्याहून मोठी भागी पुढे एकोणसाठ वर्षे, म्हणजे २००६ सालापर्यंत, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत जगात कोठे झाली नाही.

गुल महंमद हे लाहोरचे मुसलमान; हजारे सांगलीचे ख्रिस्ती; संघ एका हिंदू महाराजांचा. त्यानंतर पाच महिन्यांतच देशाची फाळणी झाली, व पुढे गुल महंमद पाकिस्तानाकडूनही खेळले. ज्या वर्षी माणसे धर्माच्या नावाने एकमेकांपासून दूर जात होती, त्याच वर्षी ही दोन माणसे एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून धावत होती. ह्या खेळात हाक ऐकून धावणाऱ्याने जोडीदारावर भरवसा ठेवला नाही, तर दोघांपैकी एक बाद होतो.

स्वतंत्र भारताचा पहिला संघ १९४७ च्या अखेरीस लाला अमरनाथ ह्यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियास गेला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथील कसोटी सामन्यात ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. त्यांत ब्रॅडमन ह्यांच्या २०१. त्यांचा त्रिफळा अखेर हजारे ह्यांनीच उडविला. लिंडवॉल व मिलर ह्यांच्यासारख्या वेगवान गोलंदाजांपुढे हजारे ह्यांनी पहिल्या डावात ११६ व दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या डावात तर एकही धाव झाली नसता दोन गडी गेले होते. तरी येथेही शेवट तोच : भारत एक डाव व १६ धावांनी हरला.

१९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा हजारे भारताचे कप्तान झाले. येथे सत्य सांगितले पाहिजे. नेतृत्व हे त्यांचे अंग नव्हते. ते फार सावध, फार मितभाषी. जेथे धोका पत्करावा तेथे ते थांबत, व हातचा जय निसटू दिल्याचा दोष त्यांस कित्येकांनी दिला. तो अगदीच निराधार नव्हता. त्यांच्या चौदा सामन्यांपैकी भारताने एकच जिंकला, पाच हरले, आठ अनिर्णीत राहिले. एकट्याने किल्ला लढविणारा मनुष्य सर्वांस लढावयास लावीलच, असा नियम नाही.

परंतु तो एक जय कोणता होता, हे पाहा. १९३२ पासून वीस वर्षे भारत कसोटी सामने खेळत होता. एकही जिंकला नव्हता. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे, आपल्या पंचविसाव्या कसोटीत, भारताने इंग्लंडचा एक डाव व ८ धावांनी पराभव केला. विनू मंकड ह्यांनी सामन्यात बारा गडी बाद केले; पंकज रॉय व पॉली उम्रीगर ह्यांनी शतके केली. कप्तानाच्या स्वतःच्या धावा थोड्या होत्या. ज्याने हरताना डोंगराएवढे श्रम केले, त्याच्या वाट्यास जय आला तो इतरांच्या हातून, हे आम्हांस फार विचार करण्याजोगे वाटते.

त्याच वर्षी जून महिन्यात इंग्लंडात लीड्स येथे भारताच्या दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले. ट्रूमन नावाचा नवा गोलंदाज एका पाठोपाठ एक यष्टी उखडीत होता. त्या पडझडीतही कप्तान हजारे पाय रोवून राहिले. पाचवा गडीही २६ धावांवर गेला. मग त्यांनी दत्तू फडकर ह्यांच्यासह १०५ धावा जोडल्या व स्वतः ५६ केल्या. तो सामनाही भारत हरला.

हजारे ह्यांनी तीस कसोटी सामन्यांत २,१९२ धावा केल्या व त्यांत सात शतके होती. १९६० साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. हा मान मिळविणाऱ्या पहिल्या दोन क्रिकेटपटूंपैकी ते एक. बडोदे हेच त्यांचे घर झाले होते. तेथेच १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

चाकणच्या त्या मुलास पुढल्या भेटीत आम्ही हे सर्व सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि मग भलताच प्रश्न केला : विवेक हजारे ह्यांच्या नावाचा एखादा करंडक आहे काय? आम्हांस तरी असा करंडक ठाऊक नाही, असे आम्ही म्हणालो. त्या मुलाचे वडील एका कारखान्यात मोटारीच्या जुळणीच्या ओळीवर उभे राहून दिवसभर एकच एक भाग बसवितात. गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्यावर नाव त्यांचे नसते. ते जवळच बसले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला व काही बोलले नाहीत.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ३०९ धावा करण्याचा प्रसंग येणार नाही. एकवीस धावांचा प्रसंग मात्र प्रत्येकास येतो : घरात, शेतात, पाळीवर, मंडळीत. त्या वेळी दुसरे टोक सांभाळून उभे राहावे. जय कोणाचा, हे ठरविणे आपल्या हाती नसते. आपल्या हाती असते ते आपले टोक.