लान्त्सोश : प्लेअरच्या यादीतील एक नाव



डीव्हीडीवरील जुना चित्रपट संगणकावर पूर्ण पडदाभर पाहताना चित्र थोडे धूसर दिसते, हे तुम्ही अनुभवले असेल. डीव्हीडीच्या चित्रात ७२० × ५७६ ठिपके असतात, तर आजच्या साध्या पडद्यावर १९२० × १०८०. मधले ठिपके संगणकाला हिशेबाने भरावे लागतात. एमपीव्हीसारख्या प्लेअरमध्ये या हिशेबाची पद्धत आपल्याला निवडता येते. त्या यादीत एका माणसाचे नाव आहे : लान्त्सोश. त्यांची ही ओळख.

कॉर्नेलियस लान्त्सोश यांचा जन्म २ फेब्रुवारी १८९३ रोजी हंगेरीतील सेकेशफेहेरवार या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव लोवी. ते पुढे बदलून हंगेरियन वळणाचे लान्त्सोश करण्यात आले. बुडापेस्ट येथे शिक्षण घेऊन १९२१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली व ते जर्मनीत गेले. १९२८-२९ मध्ये बर्लिन येथे आइन्स्टाइन यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले.

१९३१ साली ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात रुजू झाले. पत्नीला क्षयरोग असल्याने ती युरोपातच राहिली. १९३९ साली तिचे निधन झाले आणि लहान मुलाला घेऊन लान्त्सोश अमेरिकेत परतले. मागे राहिलेले त्यांचे अनेक नातलग नाझींच्या छळाला बळी पडले.

अशा काळातही त्यांचे काम थांबले नाही. १९४२ साली डॅनियलसन या सहकाऱ्यासोबत त्यांनी लहरींचे पृथक्करण झटपट करण्याची रीत मांडली. या रीतीने हाताने आकडेमोड करून ६४ सहगुणक सुमारे १४० मिनिटांत निघत. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६५ साली कूली व टुकी यांनी तीच कल्पना संगणकासाठी नव्याने मांडली, तेव्हा तिचे महत्त्व जगाला कळले.

पुढे बोइंग कंपनी व लॉस एंजलिस येथील संस्थेत त्यांनी काम केले. अमेरिकेत संशयाचे राजकारण वाढले तेव्हा श्रोडिंगर यांच्या निमंत्रणावरून ते आयर्लंडला गेले व १९५४ पासून डब्लिनमध्येच स्थायिक झाले. २५ जून १९७४ रोजी बुडापेस्टच्या भेटीत त्यांचे निधन झाले.

आता त्या यादीकडे वळू. सर्वांत सोपी पद्धत शेजारचा एकच ठिपका उचलते, म्हणून चित्र चौकटी-चौकटीचे दिसते. बायलिनियर ४ ठिपके घेते. ती जलद आहे, पण चित्र मऊ करते. बायक्यूबिक १६ ठिपके घेते व कडा अधिक स्पष्ट ठेवते. लान्त्सोश पद्धतीचा नेहमीचा प्रकार ३६ ठिपके घेतो.

गणितानुसार खरे तर दूरदूरचे सगळेच ठिपके मोजायला हवेत. ते शक्य नसल्याने कुठेतरी थांबावे लागते, आणि एकदम थांबले की कडांजवळ लहरी उमटतात. दूरच्या पदांचे वजन हळूहळू कमी केले तर या लहरी शमतात, हे लान्त्सोश यांनी दाखवले होते. त्याच विचारावर १९७९ साली एका हवामानशास्त्रज्ञाने गाळणी तयार केली आणि तिला लान्त्सोश यांचे नाव दिले. ते पाहायला लान्त्सोश नव्हते.

ही पद्धतही निर्दोष नाही. काळ्या अक्षरांभोवती तिची फिकट कडा उमटते, आणि तिला संगणकाचे श्रमही जास्त लागतात. जुन्या संगणकावर बायलिनियरच बरी. संगणक कक्षात एकच चित्र थांबवून या पद्धती आलटून पालटून लावा आणि अक्षरांच्या कडा पाहा.

चार देशांत संसार मांडावा लागलेल्या या माणसाने केलेले गणित आज घराघरांतील पडद्यावर चालते. आपण केलेल्या अभ्यासाचे फळ आपल्यालाच दिसेल असे नाही. तरी तो मन लावून करावा, हे लान्त्सोश यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे.