मायभूमीचा परवाना

वर्ध्याचा एक तरुण स्वातंत्र्याच्या ध्यासाने देश सोडतो, उमेदीची वर्षे परमुलखात घालवतो आणि देश स्वतंत्र झाल्यावर परतू पाहतो, तेव्हा स्वदेशाचेच सरकार त्याला प्रवेशपरवाना नाकारते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या चरित्रातील हा प्रसंग आजही अंतर्मुख करणारा आहे.

१८८४ साली जन्मलेले खानखोजे प्रथम जपानला व तेथून अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि मॉस्को येथेही त्यांचे वास्तव्य झाले. भारताचा दरवाजा मात्र बंदच राहिला. अखेर १९२४ मध्ये मेक्सिकोने त्यांना आसरा दिला. क्रांतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशाला शेती सुधारणारी माणसे हवी होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर भारताने दवडलेले मनुष्यबळ मेक्सिकोच्या खात्यावर जमा झाले.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी परतीसाठी अर्ज केला. परंतु नव्या राज्यकर्त्यांनी जुन्या कचेऱ्यांबरोबर जुन्या याद्याही वारशाने घेतल्या होत्या. ब्रिटिशांनी घातलेली बंदी दप्तरात जिवंत होती. ज्या कार्याबद्दल कृतज्ञता हवी, तेच अपात्रतेचे कारण ठरले. पुढे तो निर्णय फिरला. खानखोजे मायदेशी आले, नागपुरास राहिले आणि १९६७ साली निवर्तले.

पात्रतेचा हा प्रश्न केवळ क्रांतिकारकांपुरता नाही. ठाण्यात टेंभी नाक्यावर १८७९ पासून उभे असलेले बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आहे. या समाजातील अनेक मराठी कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे त्यांना प्रवेश मिळाला, पण त्यांच्या ज्यूपणाविषयी धर्मगुरूंनी शंका घेतल्या आणि विवाहाच्या वेळी वंशाची चौकशी होऊ लागली. १९६४ साली तेथील सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले, तेव्हा कोठे हा वाद निवळला. दार उघडले तरी उंबरठा उरतोच.

राज्यसंस्थेने सीमेवर पहारा ठेवू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. कागदपत्रांत दोष असलेल्या प्रत्येकाला कायमचे सामावून घेणेही कोणत्याच देशाला परवडणारे नाही. म्हणूनच अशा व्यक्तीला तात्पुरत्या वास्तव्याची अनुमती देणे हा शहाणपणाचा मध्यममार्ग ठरतो. मात्र ती अनुमती अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडली, तर न्यायाचे रूपांतर मेहेरबानीत होते. नकाराची कारणे लेखी द्यावीत, प्रत्येक बंदीला मुदत असावी, ठराविक काळाने तिचा फेरविचार व्हावा आणि अर्जदाराला निःपक्ष अधिकाऱ्यापुढे दाद मागता यावी. एवढे पथ्य पाळल्याने देशाची सुरक्षा ढळत नाही.

परवान्याचा अर्ज तपासणाऱ्याने नावापुढची जुनी खूण जरूर पाहावी. पण ती कोणी, केव्हा आणि कशासाठी केली, हेही विचारावे. खानखोज्यांच्या बाबतीत तो प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. मेक्सिकोने मात्र या परक्या माणसाला तो काय करू शकतो एवढेच विचारले होते, आणि त्याचा लाभ तेथील शेतकऱ्यांना झाला.