न शिकलेला विषय शिकविणारे प्राध्यापक

बारावीचा निकाल लागला, की भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील विद्यार्थी पदवीचे विषय निवडू लागतात. त्यांतला एखादा मानसशास्त्र घेतो म्हणाला, तर घरचे हटकून विचारतात, हा विषय घेऊन पुढे काय? प्रश्न व्यवहाराचा आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. मात्र हा विषय अमेरिकेतील पदवीच्या वर्गात ज्यांनी प्रथम रुजविला, त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या विल्यम जेम्स यांनाही वयाच्या तिशीपर्यंत पुढे काय, हे ठाऊक नव्हते.

जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे, सधन घराण्यात झाला. कादंबरीकार हेन्री जेम्स हे त्यांचे धाकटे बंधू. विल्यम यांनी प्रथम चित्रकलेचे धडे घेतले आणि ते अर्ध्यावर सोडले. मग रसायनशास्त्र, त्यानंतर वैद्यक. मध्येच लुई अगासी यांच्या संशोधन मोहिमेबरोबर ते ब्राझीलला गेले व तेथे देवीसदृश रोगाने आजारी पडले. १८६९ मध्ये वैद्यकाची पदवी हाती आली, पण व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही. पाठीचे दुखणे, अधू झालेली दृष्टी आणि त्याहून भयंकर असे मनाचे औदासीन्य यांनी त्यांना ग्रासले होते. माणूस हे जर केवळ शरीरयंत्र असेल, तर प्रयत्नाला अर्थ तो काय, या विचाराने ते आत्मनाशाच्या काठापर्यंत गेले. १८७० च्या एप्रिलमध्ये रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचताना त्यांना वाट दिसली. इच्छा स्वतंत्र आहे असे मानणे, हीच आपल्या स्वतंत्र इच्छेची पहिली कृती ठरवावी, असा निश्चय त्यांनी केला. दुखणे त्याने संपले नाही. ते जन्मभर अधूनमधून उलटतच राहिले. पण माणूस कामाला लागला.

१८७३ पासून ते हार्वर्डमध्ये शरीरशास्त्र शिकवू लागले. १८७५ मध्ये त्यांनी मानसशास्त्राचा पहिला वर्ग घेतला आणि लगेच पुढल्या वर्षी तो पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही खुला झाला. हा विषय त्यांना कोणी शिकविला नव्हता. आपण ऐकलेले मानसशास्त्राचे पहिले व्याख्यान आपणच दिलेले होते, असे ते गमतीने सांगत. स्पेन्सरचा ग्रंथ त्यांनी वर्गात लावला तो आदराने नव्हे. त्यातील मतांशी झगडता यावे म्हणून! विद्यार्थ्यांनी मध्येच अडवावे, शंका काढाव्यात, हे त्यांना आवडे. एकदा त्यांचा विनोद इतका रंगला, की घटकाभर गंभीर होण्याची विनंती एका विद्यार्थ्यालाच त्यांना करावी लागली, अशी आठवण सांगतात. टिपणे उतरवून घेण्यात ज्यांचा सारा तास जातो, त्यांना हे चित्र परके वाटेल.

उपकरणांचा मात्र त्यांना कंटाळा होता. त्या काळच्या प्रयोगशाळांतील पितळी उपकरणांच्या मानसशास्त्राची ते थट्टा करीत. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याच्या वाचकाला याची मौज वाटावी. म्हणूनच १८९२ मध्ये त्यांनी जर्मनीहून ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांना बोलावून प्रयोगशाळा त्यांच्या हाती दिली.

प्रकाशकाशी दोन वर्षांचा करार करून सुरू केलेला त्यांचा ग्रंथ बारा वर्षांनी, १८९० मध्ये, दोन खंडांत निघाला. पृष्ठे सुमारे चौदाशे. विद्यार्थ्यांसाठी त्यांनीच १८९२ मध्ये त्याचा संक्षेप केला. सवयीवरील प्रकरण आजही वाचावे असे आहे. आंधळगावच्या कोसा विणकराचा हात बोलता बोलता धोटा फेकतो. तेथे विचार करावा लागत नाही, म्हणूनच मन दुसरीकडे मोकळे राहते. सवय म्हणजे अशी साठविलेली शक्ती, आणि ती तरुण वयातच साठवावी लागते, असे जेम्स सांगतात. ज्याने स्वतःचे विस्कटलेले आयुष्य याच मार्गाने सावरले, त्याचे हे सांगणे होते.

१८९२ मध्येच त्यांनी केंब्रिज गावच्या शाळाशिक्षकांपुढे व्याख्याने दिली. ती १८९९ मध्ये ग्रंथरूपाने आली. मानसशास्त्र वाचून अध्यापनाची तयार कृती मिळेल, ही शिक्षकांची आशा त्यांनी प्रारंभीच मोडून काढली. शास्त्र चूक कोठे होईल ते दाखवील. वर्गात सुचायचे ते शिक्षकालाच सुचले पाहिजे. बी. एड. च्या अभ्यासक्रमात मानसशास्त्राचे प्रकरण पाठ करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

या उदार गुरूचे विद्यापीठ मात्र उदार नव्हते. १८९० मध्ये मेरी कॅल्किन्स या तरुण अध्यापिकेला वर्गात बसू द्यावे म्हणून जेम्स यांना अध्यक्षांशी वाद घालावा लागला. प्रवेश मिळाला, पण रीतसर नोंदणीविना. वर्गातील पुरुष विद्यार्थी थोड्याच आठवड्यांत गळाले आणि ग्रंथालयातील शेकोटीजवळ गुरू व शिष्या दोघेच उरली. १८९५ मध्ये तिने डॉक्टरेटची परीक्षा दिली. परीक्षकांनी एकमुखाने तिची योग्यता मान्य केली. विद्यापीठाने स्त्री म्हणून पदवी नाकारली. १९०५ मध्ये ती अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. १९२७ मध्ये हार्वर्डच्याच नामांकित पदवीधरांनी तिच्यासाठी अर्ज केला, तोही फेटाळण्यात आला. भंडारा जिल्ह्यातील ज्या मुली आज एस. टी. ने महाविद्यालयात जाऊन हा विषय शिकतात, त्यांना पाठ्यपुस्तकात कॅल्किन्सचे नाव आढळले तर हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

जेम्स १९०७ मध्ये निवृत्त झाले आणि २६ ऑगस्ट १९१० रोजी निधन पावले. हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले नरेन्द्रनाथ सेनगुप्त पुढे स्वदेशी परतले आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा देशातील पहिला विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. भंडाऱ्याची महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली आहेत, ते नागपूर विद्यापीठ त्यानंतर सात वर्षांनी, १९२३ मध्ये, स्थापन झाले.