हूबरमन आणि त्यांचा वाद्यवृंद

इ. स. १८९६ च्या जानेवारी महिन्यातील ही गोष्ट आहे. व्हिएन्ना नगरीतील एका सभागृहात रसिकांची दाटी झाली होती. तेरा वर्षांचा एक मुलगा त्या दिवशी ब्राम्स या थोर संगीतकाराची अत्यंत अवघड व्हायोलिन-रचना वाजविणार होता. स्वतः ब्राम्स श्रोत्यांत बसले होते. एवढ्या लहान मुलाला ही रचना पेलेल काय, अशी शंका अनेकांच्या मनात होती. परंतु पहिले स्वर कानी पडताच ब्राम्स एकाग्र झाले. मधल्या संथ भागात त्यांचे डोळे पाणावले आणि वादन संपल्यावर त्यांनी त्या मुलाला हृदयाशी धरले. तो मुलगा म्हणजे ब्रोनिस्लाव हूबरमन.

हूबरमन यांचा जन्म १९ डिसेंबर १८८२ रोजी पोलंडमधील चेंस्टोखोवा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. पोलंडचा तो भाग त्या काळी रशियाच्या अमलाखाली होता. घरची स्थिती बेताचीच होती. पण मुलाची बोटे व्हायोलिनच्या तारांवर सहज फिरतात, हे वडिलांच्या ध्यानी आले. वॉर्सा येथे प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर १८९२ मध्ये ते त्याला बर्लिनला योआखिम या नामवंत वादकाकडे घेऊन गेले. थोड्याच काळात या बालवादकाचे कार्यक्रम हॉलंड, बेल्जियम आणि लंडन येथे होऊ लागले. पुढे तर युरोप व अमेरिकेतील मोठमोठी सभागृहे त्यांच्या नावावर भरू लागली.

धन आणि कीर्ती दोन्ही पायाशी आल्या. परंतु हूबरमन तेवढ्यावर संतुष्ट राहिले नाहीत. पहिल्या महायुद्धातील संहार पाहून त्यांचे मन व्यथित झाले होते. युरोपातील राष्ट्रांनी वैर सोडून एक व्हावे, या विचाराचा त्यांनी व्याख्यानांतून व ग्रंथांतून प्रचार केला.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू लोकांना सरकारी सेवेतून दूर करण्याचा कायदा झाला. वर्षानुवर्षे वाद्यवृंदांत वाजविणारे गुणी वादक केवळ जन्माने ज्यू म्हणून घरी बसले. अशा वेळी बर्लिनच्या सुप्रसिद्ध वाद्यवृंदाचे संचालक फुर्टवेंग्लर यांनी हूबरमन यांना आपल्याबरोबर वाजविण्याचे निमंत्रण दिले. मानाचे आसन पुढे आले होते. पण हूबरमन यांनी ते नाकारले. आपल्यासारख्या काही नामांकितांना सवलत मिळाली, तरी असंख्य बांधवांवरील अन्याय दूर होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न एका मैफलीचा नसून माणुसकीचा आहे, असे त्यांनी निर्भयपणे कळविले.

परंतु नकार देऊन बेकार वादकांच्या पोटाला भाकर मिळणार नव्हती. या निराधार कलावंतांना पॅलेस्टाइनमध्ये नेऊन तेथे उत्तम दर्जाचा वाद्यवृंद उभारावा, असा संकल्प हूबरमन यांनी सोडला. काम सोपे नव्हते. तो प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात होता व तेथे प्रवेश मिळणे दुर्घट होते. हूबरमन यांनी अधिकाऱ्यांची मने वळविली, गावोगाव मैफली करून निधी जमविला. थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनीही या कार्याला हातभार लावला. युरोपातील अनेक शहरांत वादकांची परीक्षा घेण्यात आली. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ. निवड करणाऱ्याच्या मनाला ते किती जड गेले असेल!

याच धामधुमीत त्यांच्यावर एक आघात झाला. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते रंगमंचावर दुसरे व्हायोलिन वाजवीत असताना, स्ट्रॅडिव्हेरियस याने १७१३ मध्ये घडविलेले त्यांचे अमोल व्हायोलिन आतल्या खोलीतून चोरीस गेले. ते त्यांना पुन्हा कधीच दिसले नाही. सुमारे पन्नास वर्षांनी चोराने मृत्युशय्येवर कबुली दिली, तेव्हा ते सापडले. पण हूबरमन यांनी हाती घेतलेले काम थांबविले नाही.

अखेर २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीव येथे नव्या वाद्यवृंदाचे पहिले वादन झाले. इटलीतील जुलमी राजवटीला न जुमानणारे जगद्विख्यात संचालक तोस्कानिनी मानधन न घेता तेथे आले होते. सुमारे सत्तर वादक आणि त्यांचे कुटुंबीय असे जवळजवळ १,००० जीव या कार्यामुळे वाचले, असे मानतात. पुढे युरोपात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नकाराचे आणि त्या परिश्रमांचे मोल कळते.

१९३७ मध्ये सुमात्रा बेटावर विमानाच्या अपघातात हूबरमन यांच्या डाव्या हाताचे मनगट व दोन बोटे मोडली. व्हायोलिनवादकाचे सर्वस्व त्या बोटांत असते. तरीही वेदना सोशीत त्यांनी बोटांना पुन्हा वळण लावले आणि ते रंगमंचावर परतले. १६ जून १९४७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप मात्र वाढत राहिले. १९४८ नंतर तो वाद्यवृंद इस्राएल फिलहार्मोनिक या नावाने प्रसिद्धीस आला. ज्या वर्षी त्याचे पहिले वादन झाले, त्याच १९३६ साली मुंबईत मेहली मेहता या व्हायोलिनवादकाच्या घरी झुबिन मेहता यांचा जन्म झाला होता. त्यांनी पुढे अनेक वर्षे, २०१९ पर्यंत, या वाद्यवृंदाची धुरा वाहिली. हूबरमन यांचे व्हायोलिन स्तब्ध झाले. पण त्यांनी ज्यांना आसरा दिला, त्यांच्या हातांतून उमटलेले सूर पुढच्या पिढ्यांच्या कानी पडत राहिले.