प्राध्यापकी गेली, जाहिरातीत नाव कमावले. जॉन वॉटसन जाहिरातीच्या वर्गात दोनदा का भेटतात?

जाहिरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जॉन बी. वॉटसन हे नाव दोन ठिकाणी भेटते. एकदा ग्राहकाचे मानसशास्त्र शिकताना आणि दुसऱ्यांदा संशोधनातील नैतिकतेचे नियम शिकताना. पहिल्या ठिकाणी त्यांचे कौतुक होते, दुसऱ्या ठिकाणी त्यांचेच उदाहरण देऊन सावध केले जाते. असे का? जाणून घेऊया.

कोण होते वॉटसन?

वॉटसन यांचा जन्म ९ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलिनात झाला. ते शाळकरी वयात असतानाच वडील घर सोडून गेले. गरिबीतून शिकत त्यांनी १९०३ मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएचडी मिळवली आणि १९०८ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. मन दिसत नाही, वर्तन दिसते. म्हणून अभ्यास वर्तनाचा करा, असे त्यांनी १९१३ मध्ये मांडले. हाच वर्तनवाद. १९१५ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले.

‘लिटल अल्बर्ट’ प्रयोग काय होता?

वॉटसन आणि त्यांची विद्यार्थिनी रोझाली रेनर यांनी सुमारे ११ महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. बाळाला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. त्याने उंदराला हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. काही वेळातच नुसता उंदीर पाहून बाळ रडू लागले. पुढे ससा आणि फरचा कोट पाहूनही ते घाबरले. ही भीती घालवण्याआधीच बाळ रुग्णालयातून गेले. हा प्रयोग १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

नोकरी का गेली?

कारण प्रयोग नव्हता. रेनर यांच्याशी असलेले प्रेमसंबंध उघड झाले आणि त्याच वर्षी विवाहित वॉटसन यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे दोघांनी लग्न केले. बाळाबद्दल मात्र विद्यापीठाने जाब विचारला नाही.

जाहिरातीत काय केले?

न्यूयॉर्कच्या जे. वॉल्टर थॉम्प्सन कंपनीने त्यांना घेतले. चाळिशी ओलांडलेल्या या प्राध्यापकाने आधी रबरी बुटांच्या बाजाराची पाहणी केली, मेसीज दुकानात काउंटरवर उभे राहून माल विकला. १९२४ मध्ये ते उपाध्यक्ष झाले. सिगारेटचा ब्रँड लपवून घेतलेल्या चाचणीत त्यांना दिसले की, ओढणाऱ्यांना आपला आवडता ब्रँड खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे ग्राहक फक्त वस्तू नव्हे, तिची प्रतिमाही विकत घेतो. ते कंपनीत असतानाच, १९२९ मध्ये कंपनीचे मुंबईत कार्यालय सुरू झाले.

आजचे नियम कुठून आले?

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली आचारसंहिता १९५३ मध्ये आली. टस्कीगी येथे कृष्णवर्णीय रुग्णांना अनेक दशके उपचारांविना ठेवल्याचे १९७२ मध्ये उघड झाले आणि १९७४ मध्ये कायदा झाला. त्यानंतर अमेरिकी विद्यापीठांत नैतिकता समित्या रुजल्या. आज तिथे जाहिरातीच्या विद्यार्थ्याला शोधनिबंधासाठी माणसांवर प्रयोग करायचा असेल, तर आधी समितीकडे जावे लागते. सहभागी होणाऱ्याची संमती हवी, मूल असेल तर पालकांची हवी आणि मध्येच बाहेर पडण्याची मुभा हवी. अल्बर्टचा प्रयोग या चाळणीतून आज पार होणार नाही.

विद्यार्थ्यांनी कुठे शोधावे?

वॉटसन यांनी अखेरच्या काळात आपली कागदपत्रे जाळली. २५ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. थॉम्प्सन कंपनीचे दप्तर मात्र अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या हार्टमन सेंटरमध्ये जपले आहे. याच विद्यापीठाच्या ‘ॲड ॲक्सेस’ संग्रहात १९११ ते १९५५ या काळातील सात हजारांहून अधिक जाहिराती मोफत पाहता येतात.

अल्बर्ट हे त्या बाळाचे खरे नाव होते की नाही, तो नेमका कोण होता, यावर संशोधकांचे आजही एकमत नाही.