स्मीटनचा दीपस्तंभ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ बंदरापासून सुमारे १४ मैलांवर, भर समुद्रात, एडिस्टोन नावाचे खडक आहेत. भरतीच्या वेळी ते बहुतेक पाण्याखाली जातात. पूर्वी कितीतरी गलबते त्यांवर आपटून फुटत. तेथे बांधलेला पहिला दीपस्तंभ १७०३ सालच्या वादळात आपल्या निर्मात्यासह नाहीसा झाला. त्यानंतरचा दीपस्तंभ मुख्यतः लाकडाचा होता; तो १७५५ च्या डिसेंबरात जळून गेला.

नवा दीपस्तंभ उभारण्याचे काम जॉन स्मीटन याजकडे आले. हा वकिलाचा मुलगा लीड्सजवळच्या ऑस्थॉर्प गावी १७२४ साली जन्मला. त्यानेही वकिली करावी अशी वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचा जीव हत्यारांत रमे. अखेर तो शास्त्रीय उपकरणे बनवू लागला. दीपस्तंभाचे काम हाती आले तेव्हा त्याला बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दीपस्तंभ दगडाचाच बांधावयाचा, हे त्याने ठरविले. पण दगड कोणता? पोर्टलंडचा दगड घडविण्यास सोपा. मात्र समुद्रातील एक शिंपलेधारी प्राणी तो पोखरतो, असे त्याला आढळले. म्हणून बाहेरून कॉर्नवॉलचा कणखर ग्रॅनाइट व आतून पोर्टलंडचा दगड, अशी योजना त्याने केली. सुतार लाकडाचे सांधे जुळवितो तशा खाचा पाडून दगड एकमेकांत अडकविले.

खरी अडचण होती चुन्याची. साधा चुना पाण्यात घट्ट होत नाही, आणि येथे तर रोज दोनदा भरती! जितका दगड कठीण तितका त्याचा चुना बळकट, असा त्या काळी समज होता. स्मीटनने त्यावर विसंबून न राहता निरनिराळ्या चुन्यांचे लहान गोळे करून पाण्यात ठेवले. काही ढासळले, काही घट्ट झाले. मग त्याने चुनखडीचे तुकडे नत्राम्लात विरघळवून पाहिले. ज्यांचा चुना पाण्यात घट्ट होई, त्यांच्या तळाशी चिकणमाती उरे. दगडाच्या कठीणपणाचा काही संबंध नव्हता. गुण त्या मातीचा होता! वेल्समधील अ‍ॅबरथॉचा चुना आणि इटलीतील ज्वालामुखीची माती समभाग मिसळून त्याने आपले काम चालविले.

१६ ऑक्टोबर १७५९ रोजी दीपस्तंभावर प्रथम उजेड झाला, तो २४ मेणबत्त्यांचा. आज याचे हसू येईल. पण खलाशांना तेवढाही मोलाचा होता.

स्मीटन १७९२ साली वारला. त्याचा दीपस्तंभ १८८२ पर्यंत कामात होता. तो बदलावा लागला, कारण खालचा खडक झिजू लागला होता. स्तंभ मात्र शाबूत होता. त्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला पुन्हा उभारण्यात आला. बुंधा अजून त्या खडकावरच आहे.